‘पालकांच्या विनंतीवरून’ : माध्यमिक शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांना खुलं पत्र

माननीय संस्थाचालक आणि मुख्याध्यापक,

सप्रेम नमस्कार.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेवटाकडे तीन रकाने येतात. प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचं कारण. आमच्या शाळेत क्लार्कची जागा बरीच वर्षं रिकामी होती. त्यामुळे दाखले लिहायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं. ते तीन रकाने मला झोपेतही भरता येतील. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. कारण : पालकांच्या विनंतीवरून.

माझ्या मोटारसायकलची सीट ब्लेडनं उभी चिरणाऱ्या मुलाच्या दाखल्यावरही ‘वर्तणूक चांगली’ मीच लिहिलंय. त्याच्या पालकांनी कसलीही विनंती केलेली नव्हती. ते दोघं तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या ट्रॅक्टरटोळीत ऊस तोडत होते. अर्जावर अंगठा होता आजीचा, आणि अर्जात काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. हे मला ठाऊक आहे, कारण अर्जही मीच लिहिला होता.

हे सगळं आता का काढलं, ते सांगतो. मध्यंतरी तालुक्याच्या ठिकाणी मुख्याध्यापकांची सभा झाली. विषय होता माध्यमिक विद्यार्थ्यांमधली वाढती गुन्हेगारी प्रवृत्ती. निवृत्त म्हणून मलाही बोलावलं होतं, मागच्या रांगेत. चार भाषणं झाली. पहिले म्हणाले मोबाईल, दुसरे म्हणाले रील आणि सिनेमे, तिसरे म्हणाले पालकांचं लक्ष नाही, चौथ्यांनी हातातली छडी काढून घेणाऱ्या कायद्याला बोल लावला आणि त्यांना सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. चौघांपैकी कुणी खोटं बोललं असं नाही. पण चौघांनी सांगितलेली कारणं शाळेच्या गेटाबाहेरची. गेटाच्या आत काय होतं ते सांगायला कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही. म्हणून हे पत्र.

त्या सीट चिरणाऱ्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. बाल न्याय कायदा, २०१५ तशी ओळख उघड करायला मनाई करतो, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. दाखला घेऊन गेल्यावर वर्षभरात तो आणि आणखी तिघं शेतातल्या विहिरींवरच्या मोटारींची केबल कापताना सापडले. केबल जाळायची, तांबं काढायचं, भंगारात विकायचं. मराठवाड्यात हा धंदा काही नवा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून असला लहान गुन्हा घडला तर पोलीस एरवी एफआयआर करत नाहीत, ठाण्याच्या डायरीत नोंद घेतात. यांच्या सोबत एक सज्ञान माणूस होता, म्हणून रीतसर गुन्हा दाखल झाला आणि पोरगं बाल न्याय मंडळासमोर उभं राहिलं. कायद्याच्या भाषेत त्याला गुन्हेगार म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द उच्चारायला अवघड, पण करणाऱ्यानं विचार करून केलाय.

मग एक दिवस परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) शाळेत आले. मंडळाला मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल लागतो, त्यासाठी घर, गल्ली, शाळा फिरून माहिती गोळा करतात. त्यांच्या हातात २०१६ च्या नियमांतला छापील नमुना होता. त्यात एक प्रश्न आहे, मुलानं शाळा का सोडली? आणि पुढे पर्याय दिलेले आहेत. वर्गात नापास झाला. शाळेत रस वाटेना. शिक्षकांची बेफिकिरी. सोबत्यांचा प्रभाव. घरासाठी कमावणं भाग होतं. शाळेत मोठ्या पोरांची दादागिरी. शाळेतलं ताठर वातावरण. अपमान. मारहाण. यादी याहूनही मोठी आहे. ‘पालकांच्या विनंतीवरून’ हा पर्याय मात्र तिच्यात नाही.

साहेबांनी एका हातात आमचा दाखला धरला, दुसऱ्या हातात तो नमुना, आणि मला विचारलं, “सर, मी खूण कुठं करू?”

मी शिपायाला चहा सांगितला.

आता हा मुलगा नववीतच का सुटला, ते बघू. कारण सुटणारी बहुतेक पोरं नववीतच सुटतात. तुम्हाला सगळ्यांना हे तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, एका ओळीत मांडून आपण कधी बघितलं नाही एवढंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, म्हणजे पहिली ते आठवीचा. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. मोफत गणवेश आठवीपर्यंत. खासगी शाळेतल्या, दुर्बल घटकांसाठी राखीव २५ टक्क्यांच्या जागेवरचं पोर आठवीपर्यंत. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं याच वयोगटाच्या हिशेबानं आखलेली. पाचवीला आणि आठवीला परीक्षेची अट २०२३ मध्ये परत आली, तोपर्यंत आठवीपर्यंत नापासही कुणी होत नव्हतं.

म्हणजे जून उजाडला, पोरानं नववीच्या वर्गात पाय टाकला, की सरकार एका दिवसात सगळं काढून घेतं. दुपारचं ताट काढून घेतं. पुस्तकांचा गठ्ठा विकत घ्यायला लावतं. नेमका तेव्हाच आवाज फुटलेला असतो, ओठावर लव आलेली असते, आणि भूक आधीपेक्षा दुप्पट झालेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाची भाषा आहे. पण नववीतल्या पोराच्या ताटात अजून ती भाषा वाढलेली नाही.

सरकारचं हे झालं. आपलं काय? त्याच जूनमध्ये आपण पुढच्या वर्षीच्या दहावीच्या निकालाचा हिशेब मांडायला बसतो. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला ‘चाळण लावणं’ म्हणायचो. दहावीला कोण पडणार ते नववीतच दिसतं. मग त्याला नववीत नापास करायचं, पुन्हा बसला तर घरी निरोप धाडायचा, आणि शेवटी ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा सल्ला द्यायचा. सतरा नंबरचा फॉर्म बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं, ज्या बायकांना लग्नानंतर दहावी करायची आहे, जी माणसं कामावरून येऊन रात्री अभ्यास करतात, त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. ती आपण पोरं ढकलून द्यायला वापरली. खासगी विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरत नाहीत, ही त्यातली मेख. मग गेटावर फ्लेक्स लागतो, ‘सलग पाचव्या वर्षी १०० टक्के निकाल’. शंभरातले किती जण शंभराच्या आधीच गाळले, तो आकडा फ्लेक्सवर मावत नाही.

बरं, नववीत आलेल्या पोराला येतं तरी काय? जून २०२५ मध्ये नववीत बसलेलं पोरगं २०२०-२१ ला चौथीत होतं. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे चौथीची वर्गखोली या पोरांनी पाहिलीच नाही. भागाकार पक्का व्हायचं, धडा सलग वाचायला यायचं ते वर्ष. ते राहिलं ते राहिलंच, आणि आपण वरून बीजगणित रचत गेलो. कोरोनाच्या आधीच्या पोरांचंही फार बरं होतं असं नाही, पण यांचं खरोखर जड आहे.

ज्याला वाचता येत नाही, तो मुलगा रोज आठ तासिका वर्गात काय करतो? तुम्ही कधी मागच्या बाकावर बसून बघितलंय? मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी बसलो होतो, एका नवीन शिक्षिकेचा पाठ बघायला. समोर फळ्यावर काय चाललंय ते मला कळत होतं, तरी तिसऱ्या तासाला माझे पाय हलायला लागले. त्या पोराचा प्रश्न साधा असतो. सरांनी उभं केलं आणि वाच म्हटलं, तर चाळीस जणांसमोर आपण ‘ढ’ ठरणार. त्याऐवजी सरांनी उभं करायच्या आतच काहीतरी आगळीक करावी, म्हणजे सर बाहेर काढतील. बाहेर काढलेलं पोर ‘ढ’ नसतं, ‘टगं’ असतं. ढ म्हटलं की पोरी हसतात. टगा म्हटलं की जरा वचकून असतात. चौदा वर्षांच्या मुलासमोर या दोनच खुर्च्या ठेवल्या, तर तो कोणत्या खुर्चीवर बसेल? तिसरी खुर्ची ठेवायचं काम आपलं होतं.

आपण उलट केलं. अ, ब, क, ड तुकड्या पाडल्या, त्याही गुणांवर. ‘ड’ म्हणजे ‘ढ’ हे पोरांना पहिल्या दिवशी कळतं. आणि त्या ड तुकडीला शिक्षक कोण द्यायचा? जो सर्वांत नवा आहे तो, नाहीतर ज्याच्यावर तुमचा राग आहे तो. ड तुकडी मी सात वर्षं घेतली. पहिल्या वर्षी नवा होतो म्हणून, नंतरची सहा वर्षं रागापोटी.

आता घराकडे येतो. घराकडे बोट दाखवायला आपल्याला आवडतं, पण घर बघायला कुणी जात नाही.

आमच्या भागात दसरा झाला की गावं रिकामी होतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. गुढीपाडव्याच्या मागेपुढे माणसं परततात. तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम विचारतो, “तुझ्याकडून किती कोयते?” माणसं मोजायची ही आमची रीत आहे. लहान पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. मोठं पोरगं मात्र नववीत गेलं, ‘आता कळतं त्याला’, असं म्हणून आजीपाशी ठेवतात. पाच-सहा महिने. घरात आजी, एक शेळी, आणि बापानं उचलीतून घेऊन दिलेला मोबाईल. मी एकदा त्या आजीकडे गेलो होतो. ती म्हणाली, “गुर्जी, भाकर म्या घालते. पण धाक कुठून आणू?” मी काय बोलणार होतो?

२०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. घोषणा चांगली होती. तुमच्या तालुक्यातलं वसतिगृह कुठं आहे, त्यात किती जागा आहेत, तुमच्या नववीतली किती पोरं तिथं जाऊ शकतील, हे दसऱ्याच्या आधी विचारून ठेवणारे मुख्याध्यापक मला अजून भेटायचे आहेत. असतील तर त्यांची क्षमा मागतो.

पुण्याच्या बातम्यांत अलीकडे काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द आला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे कोयता म्हणजे पोराचे आईबाप. तोच कोयता हातात धरून पोरं रील काढतात, केक कापतात, आणि त्यातली बरीचशी अठराच्या आतली निघतात. मोबाईलनं हे शिकवलं असं सभेत म्हणाले. मोबाईलनं दाखवलं, हे मान्य. पण पोराला ते हवंसं का वाटलं?

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. वर भाऊंचा मोठा फोटो, गॉगल घातलेला. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून वीस-पंचवीस लहान फोटो, तिकिटाएवढे. त्यातले चार-पाच चेहरे ओळखीचे वाटतील. आपल्याच नववीतली, नाहीतर नववीतून गेलेली पोरं. शाळेनं त्यांना कोणत्याच फ्लेक्सवर घेतलं नाही, भाऊंनी घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा आपला फोटो आणि नाव चौकात लागलं. त्या बदल्यात मिरवणुकीत गाडी फिरवायची, घोषणा द्यायच्या, कधी कुणाला दमात घ्यायचं. पेट्रोल आणि जेवण मिळतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रात्री नऊ वाजता त्याला कुणीतरी फोन करून विचारतं, “कुठंयस?” घरचे फडावर, आणि शाळेनं तर हजेरीतनं नाव कापलेलं.

आणि हे भाऊ आपल्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून येतात. संस्थाचालकहो, ते तुम्हीच बोलावता. दोन वर्गखोल्यांचे पत्रे त्यांनी दिले, हे मला माहीत आहे.

छडीबद्दल बोलायला हवं, कारण टाळ्या तिला पडल्या होत्या. मी मारायचो. निरगुडीचा फोक असायचा टेबलाच्या खणात. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी घातली, त्यानंतरही काही वर्षं मारत होतो. त्या मुलाला मी शेवटचं मारलं ते गृहपाठाच्या वहीवरून. मार फार नव्हता. पण मारताना तोंडातून निघून गेलं, “तुझा बाप कोयता, तूही कोयताच होणार.” वर्ग हसला. तिसऱ्या दिवशी सीट फाटली. मी चार दिवस सीटबद्दल संतापलेलो होतो. सीट साडेचारशे रुपयांत बदलून मिळाली. माझ्या वाक्याबद्दल मला पहिल्यांदा काही वाटलं ते परिविक्षा अधिकाऱ्यांच्या नमुन्यातला ‘अपमान’ हा शब्द वाचताना, म्हणजे दीड वर्षानं. छडी परत द्या म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की माझ्याकडे छडी होती. सीट त्याच काळात फाटली.

टपरीबद्दल थोडक्यात. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकायचेच नाहीत असा केंद्राचा २००३ चा कायदा आहे. अल्पवयीन मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मग टपरी गेटासमोर कशी? कारण आपल्यातल्याच काही जणांना दुपारच्या सुट्टीत तिथं जावं लागतं. जास्त लिहीत नाही.

मुलींचं वेगळंच आहे. त्या ‘वाया जात’ नाहीत, त्यांची लग्नं होतात. नववीची मुलगी दिवाळीनंतर येत नाही, उन्हाळ्यात कुंकू लावून दाखला न्यायला येते. तिच्याही दाखल्यावर तेच कारण लिहितो. तिच्या बाबतीत ते खरं असतं, आणि म्हणूनच ते लिहून गप्प बसणं जास्त वाईट आहे. आपण तक्रार करायला हवी होती. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर आपणच रंगवून घेतलाय.

मला काय हवंय ते सांगतो. फार मोठं नाही. सतरा नंबरच्या फॉर्मचा सल्ला देण्याआधी आईबाप समोर बसलेले असावेत. ते फडावर असतील तर ते येईपर्यंत थांबा. पाडवा काही दहा वर्षांनी येत नाही. ड तुकडीला शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक द्या, आणि नववीचा पहिला महिना पुस्तक बाजूला ठेवून वाचन आणि भागाकार घ्या. अभ्यासक्रम मागे पडेल. तसाही तो त्या पोरांच्या पुढंच पळत असतो. दसऱ्याआधी कोणाचे आईबाप जाणार त्याची यादी काढा, आणि त्या यादीतल्या प्रत्येक पोरामागे एक शिक्षक लावा. शिकवणीसाठी नाही. संध्याकाळी फोन करून “कुठंयस?” विचारण्यासाठी. आणि शाळा सोडण्याचं कारण दाखल्यावर नाही तर नाही, निदान एका वेगळ्या वहीत तरी खरं लिहून ठेवा. वही तुमच्या कपाटात राहू द्या. मला माझ्या कारकिर्दीतल्या शेवटच्या दहा वर्षांतल्या नोंदी जनरल रजिस्टरमधून काढू दिल्या होत्या. नववीतून ‘पालकांच्या विनंतीवरून’ गेलेले एकवीस. सगळे माझ्याच अक्षरात. त्यातल्या चौदा घरी आतापर्यंत जाऊन आलो. तीन घरांना कुलूप होतं, माणसं फडावर. दोघांनी दारातूनच परत पाठवलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

आपला,
एक निवृत्त वर्गशिक्षक, नववी ड

ता. क. : केबल चोरणारा तो मुलगा आठवीत असताना शाळेच्या बोअरची मोटार बंद पडली होती. मिस्त्री येईना. यानं स्टार्टरचं झाकण काढलं, जळालेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि मोटार चालू करून दिली. आम्ही त्याला दहा रुपये दिले आणि वर्गात पाठवलं. वायरमनसारखे आयटीआयतले काही ट्रेड आठवी पासवर मिळत होते, हे त्याला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही. मंडळानं त्याला समज देऊन घरी सोडलं. आता तो तालुक्याच्या गावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. परवा आत्ताच्या मुख्याध्यापकांचा मला फोन आला. बोअर पुन्हा बंद आहे, त्या पोराचा नंबर आहे का म्हणून. नंबर दिला. तो शाळेची उधारी ठेवत नाही, हे सांगायचं राहिलं.